जिज्ञासेचे ऋण

१

एखाद्या अस्थिशल्यविशारदाचा परिचय छापला जातो, तेव्हा पदव्या, पदे आणि पारितोषिके यांच्या पाठोपाठ एक ठरावीक रकाना येतो : संशोधनातील आणि व्यवसायातील विशेष रस. त्यापुढे सांधेरोपण, कण्याचे विकार, मुलांमधील अस्थिव्यंगे, क्रीडाजन्य दुखापती अशी नावे असतात. वाचणारा या रकान्यापाशी सहसा थांबत नाही. परंतु येथे ‘रस’ हा शब्द ज्या ‘इंटरेस्ट’ या इंग्रजी शब्दाचे काम करतो, तो शब्द मोठा अनेकार्थी आहे. जिज्ञासा हा त्याचा एक अर्थ, हितसंबंध हा दुसरा आणि कर्जावरचे व्याज हा तिसरा. इंग्रजीने एकाच शब्दात साठवलेले हे अर्थ मराठीने तीन निरनिराळ्या घरांत ठेवले आहेत. त्यामुळे मराठी माणसाला एक सोय होते : ज्ञानाची ओढ आणि स्वार्थ यांची गल्लत तो भाषेच्या पातळीवर तरी करीत नाही. पण एक तोटाही होतो. या तीन गोष्टी प्रत्यक्षात एकमेकींना किती चिकटलेल्या असतात, हे त्याच्या लक्षात येत नाही. त्यात ‘व्याज’ या शब्दाचा संस्कृतातील जुना अर्थ बहाणा असा आहे. व्याजस्तुती आणि व्याजोक्ती या अलंकारांच्या नावांत तो अजून जिवंत आहे. म्हणजे शल्यविशारदाच्या त्या निरुपद्रवी रकान्यात रस, हित, ऋण आणि बहाणा अशा चार शक्यता दडलेल्या आहेत असे म्हणावे लागते.

प्रस्तुत प्रश्न या चारांच्या संबंधाचा आहे. ज्योतिर्विदाची जिज्ञासा ताऱ्यांवर जगते आणि ताऱ्यांना त्याची झळ पोचत नाही. भाषाशास्त्रज्ञाची जिज्ञासा शब्दांवर जगते. शब्द कितीही चिरले तरी रक्त येत नाही. शल्यविशारदाची जिज्ञासा मात्र दुसऱ्याच्या देहावर जगते. त्याला काही नवे कळावे, यासाठी कोणाच्या तरी मांडीवर, गुडघ्यावर, पाठीवर सुरी चालावी लागते. त्या जिज्ञासेला नैतिक अधिष्ठान कोणते? रुग्ण बरा होतो, हे उत्तर पुरेसे आहे काय? आणि जो बरा होत नाही, त्याचे काय?

२

हा प्रश्न सर्वच वैद्यकाला लागू आहे. परंतु अस्थिशल्याच्या बाबतीत त्याला विशेष धार येते. ‘शल्य’ या शब्दापासूनच सुरुवात करता येईल. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी शल्यतंत्र हे एक. सुश्रुताच्या परंपरेत शल्य म्हणजे देहाला किंवा मनाला पीडा देणारी, आत रुतून बसलेली वस्तू; मग ते बाणाचे टोक असो की शोक असो. ती उपटून काढणे हे वैद्याचे काम. आधुनिक अस्थिशल्यविशारद मात्र पुष्कळदा उलट दिशेने काम करतो. तो देहात वस्तू ठेवतो : पट्टी, मळसूत्र, मांडीच्या हाडाच्या पोकळीत उतरवलेली सळई, खुब्यात बसवलेला धातूचा गोळा. शल्य काढणाऱ्या विद्येचे नाव धारण करून तो नवे शल्य पेरतो आणि ते पीडा देणार नाही, अशी हमी स्वतःवर घेतो.

या हमीचा संबंध काळाशी आहे. हाड ही मोठी कृतज्ञ वस्तू आहे. मोडलेले हाड योग्य स्थितीत धरून ठेवले, तर ते आपले आपण सांधते. सुश्रुतसंहितेत भग्नचिकित्सेसाठी बांबूच्या आणि सालींच्या पट्ट्या सांगितल्या आहेत, रुग्णाला फळीवर निश्चल ठेवणारे कपाटशयन सांगितले आहे. या सर्व उपायांचे तत्त्व एकच : सांधण्याचे काम देह करतो, वैद्य त्याला अवकाश आणि आधार देतो. गावोगावच्या हाडवैद्यांचे कसबही, त्यातील अपघात आणि अज्ञान वगळले, तर याच तत्त्वावर उभे होते. परंतु देहात बसवलेला धातू किंवा प्लास्टिक सांधत नाही. ते केवळ झिजते. ते आज कसे दिसते, यावरून दहा वर्षांनी कसे असेल ते सांगता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी चालू लागलेला रुग्ण आणि पंधराव्या वर्षी लंगडू लागलेला रुग्ण हा एकच मनुष्य असतो. पहिल्याचे छायाचित्र संशोधकाच्या कामी येते. दुसरा बहुधा त्याच्या दारी येतच नाही.

दुसरीही एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. अस्थिशल्याच्या पुष्कळ शस्त्रक्रिया जीव वाचवण्यासाठी नसतात. त्या चालण्यासाठी, बसण्यासाठी, वेदनेवाचून झोप लागावी म्हणून असतात. मरणाच्या दारातील रुग्णाबाबत ‘नाहीतरी तो गेलाच असता’ असे समर्थन शक्य असते. खुबा दुखणाऱ्या वृद्धेबाबत ते करता येत नाही. ती शस्त्रक्रियेवाचूनही जगली असती. म्हणून तिच्या देहावर केलेल्या प्रयोगाचा हिशेब जीवनमरणाच्या भाषेत मांडता येत नाही. ‘कसे जगणे’ या भाषेत तो मांडावा लागतो, आणि ती भाषा शल्यविशारदापेक्षा रुग्णाला अधिक येते.

३

या दृष्टीने जॉन चार्नली यांचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातले हे शल्यविशारद (१९११–१९८२) आधुनिक खुबारोपणाचे जनक मानले जातात. त्यांच्या संशोधनाचा उगम एका क्षुल्लक वाटणाऱ्या आवाजात होता. पॅरिसच्या ज्युदे बंधूंनी १९४६ पासून प्रचारात आणलेला ॲक्रिलिकचा गोळा बसवलेला एक रुग्ण त्यांच्याकडे आला. तो पुढे वाकला की त्याचा खुबा करकरत असे. इतका की त्याची पत्नी खोलीतून निघून जाई. दुसऱ्या एखाद्या वैद्याने ही तक्रार हसण्यावारी नेली असती. चार्नली यांनी तिच्यात घर्षणाचा प्रश्न ऐकला. नैसर्गिक सांध्यातील कूर्चा इतकी गुळगुळीत कशी राहते, दोन पृष्ठभाग एकमेकांवरून फिरताना नेमके काय होते, याचा शोध त्यांनी यंत्रशास्त्रज्ञांच्या साहाय्याने सुरू केला. जिज्ञासेचे हे निर्मळ रूप होय. दुसऱ्याच्या गैरसोयीकडे लक्ष देण्यातून ती जन्मली होती.

पुढला भाग इतका निर्मळ नाही. कमीत कमी घर्षणाचे द्रव्य म्हणून चार्नली यांनी टेफ्लॉन निवडले आणि १९५८ पासून खुब्याची वाटी त्या द्रव्याची करून शस्त्रक्रिया सुरू केल्या. आरंभीचे परिणाम विलक्षण होते. वर्षानुवर्षे खिळून पडलेली माणसे वेदनेवाचून चालू लागली. सुमारे तीनशे रुग्णांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. आणि मग टेफ्लॉन झिजू लागले. झिजलेल्या कणांभोवती देहात दाहक गाठी तयार झाल्या, हाड खाल्ले जाऊ लागले, वाट्या सैल झाल्या. चालू लागलेली माणसे पुन्हा वेदनेने परतली, आणि ज्याने वाटी बसवली त्यालाच ती काढावी लागली.

येथे दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. पहिली अशी की, चार्नली यांनी हे अपयश लपवले नाही. ते द्रव्य त्यांनी सोडले, अपयशाची कारणे प्रसिद्ध केली, आणि टेफ्लॉनचे व नव्या द्रव्याचे कण स्वतःच्या मांडीत घालून घेऊन देहाची प्रतिक्रिया पाहिली. १९६३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी तिचा वृत्तान्त दिला. दुसरी अशी की, यशाची किल्ली त्यांच्या हाती दुसऱ्याने दिली. राइटिंग्टन येथील त्यांच्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांना १९६२ साली उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनचा एक तुकडा मिळाला. चार्नली यांनी तो हातात घेतला आणि त्यावर वेळ घालवू नये असे सुचवले. ते परदेशी गेले असताना क्रेव्हन यांनी तो तुकडा झीज मोजणाऱ्या यंत्रावर चढवलाच. टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजे, तितकेही हे द्रव्य तीन आठवड्यांत झिजले नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात चार्नली यांनी ते प्रथम वापरले, आणि पुढील अनेक दशके जगभरातील खुबे त्यावर फिरत राहिले.

स्वतःच्या मांडीवर प्रयोग करणाऱ्या वैद्याविषयी आदर वाटणे स्वाभाविक आहे. दुसऱ्याच्या देहावर जे केले, ते स्वतःच्या देहावर करून दाखवण्यात न्यायाची एक आदिम कल्पना आहे. तरीही तेवढ्याने हिशेब पुरा होतो असे मानणे भावनिक ठरेल. चार्नली यांच्या मांडीत गाठ उठली असेल; त्यांचा खुबा मात्र शाबूत होता. त्या तीनशे जणांनी जे पणाला लावले होते, ते त्यांनी लावले नव्हते. आत्मक्लेशाने वैद्य पवित्र होईल, पण रुग्णाची भरपाई होत नाही. चार्नली यांचे खरे नैतिक मोठेपण त्यानंतरच्या कमी नाट्यमय वर्तनात आहे. नवी वाटी यशस्वी दिसू लागल्यावरही ती सर्वांस विकण्याची त्यांनी घाई केली नाही. जे शल्यविशारद राइटिंग्टनला येऊन पद्धत शिकतील, त्यांनाच ती मिळावी असा निर्बंध त्यांनी बराच काळ पाळला. रुग्णांना ते वर्षानुवर्षे पुन्हा तपासणीला बोलावीत. मृत्यूनंतर आपला खुबा तपासणीसाठी द्यावा, अशी विनंती ते रुग्णांना करीत आणि अनेकांनी ती मान्य केली. हा व्यवहार विलक्षण आहे. वैद्य रुग्णाला सांगतो की, तुझ्या देहात मी ठेवलेल्या वस्तूची जबाबदारी तुझ्या शेवटच्या दिवसापर्यंत माझी आहे, आणि तिचे सत्य मला त्यानंतरही पाहावयाचे आहे. जिज्ञासा आणि जबाबदारी येथे वेगळ्या काढता येत नाहीत.

४

याच विचाराला अमेरिकेत एका शल्यविशारदाने अर्धशतक आधी तत्त्वाचे रूप दिले होते आणि त्याची किंमतही मोजली होती. बॉस्टनचे अर्नेस्ट कॉडमन (१८६९–१९४०) हे खांद्याच्या विकारांचे अभ्यासक. त्यांचा आग्रह साधा होता : प्रत्येक रुग्णालयाने प्रत्येक रुग्णाचा पुरेशा काळापर्यंत मागोवा घ्यावा, उपचार सफल झाला की नाही ते पाहावे आणि झाला नसेल, तर का झाला नाही ते विचारावे. सामान्य माणसाला यात वादग्रस्त असे काही दिसणार नाही. बॉस्टनच्या प्रतिष्ठित वैद्यांना मात्र हा आग्रह असह्य झाला. कॉडमन यांनी स्वतःचे छोटे रुग्णालय काढले, आणि १९११ ते १९१६ या काळातील ३३७ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध करताना त्यांत आपल्या १२३ चुका नमूद केल्या. १९१५ साली एका सभेत त्यांनी एक व्यंगचित्र झळकवले. वाळूत डोके खुपसलेला शहामृग सोन्याची अंडी घालतो आहे आणि विद्वान वैद्य ती गोळा करीत आहेत, असे ते चित्र होते. त्यानंतर त्यांचे मित्र दुरावले, पद गेले, मिळकत आटली. मृत्यूनंतर त्यांच्या दफनभूमीवर नावाचा दगडही नव्हता. तो २०१४ साली बसवण्यात आला.

कॉडमन यांच्यावर व्यवसायबंधू का संतापले, हे समजून घेणे उद्‍बोधक आहे. चुका होतात हे सर्वांस ठाऊकच होते. संताप होता तो चूक मोजण्याच्या कल्पनेचा. जोवर अपयश एकेका रुग्णाचे दुर्दैव म्हणून विखुरलेले असते, तोवर ते नशिबाच्या खात्यावर टाकता येते. ते एकत्र मांडले की त्याला कर्ता मिळतो. मागोवा घेणे ही ज्ञानाची पद्धत तर आहेच, शिवाय कर्तृत्व पत्करण्याचीही ती पद्धत आहे. आणि म्हणूनच ती टाळण्याचा मोह व्यवसायाला आजही होतो.

५

मागोवा घ्यायचा म्हणजे काय पाहायचे, हा पुढचा प्रश्न. सफलतेचे माप कोणाचे? अस्थिशल्याला युरोपीय भाषांत जे नाव आहे, ते निकोला आन्द्री या फ्रेंच वैद्याने १७४१ साली घडवले. ‘सरळ’ आणि ‘मूल’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा तो समास आहे. त्याच्या ग्रंथातील एक चित्र पुढे या व्यवसायाचे मानचिन्ह झाले : वाकडे वाढलेले झाड, आणि त्याला सरळ करण्यासाठी बांधलेला खुंट. चित्र लोभस आहे. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. सरळ म्हणजे काय, हे खुंटाला माहीत आहे. झाडाला विचारण्याचे कारण नाही.

भारतीय कथापरंपरेत या गृहीतावर जुना आक्षेप आहे. महाभारताच्या वनपर्वातील अष्टावक्र आठ ठिकाणी वाकडा आहे. तो जनकाच्या यज्ञसभेत वाद जिंकतो. पित्याच्या सांगण्यावरून समंगा नदीत उतरल्यावर त्याची गात्रे सरळ होतात, ती त्यानंतर. कथेने हा क्रम मुद्दाम राखला आहे. सरळपणाचा ती तिरस्कार करीत नाही. तो वरदान म्हणून येतो. परंतु योग्यतेची अट म्हणून तो येत नाही. अष्टावक्राला काय हवे होते आणि सभेला त्याच्यात काय खटकत होते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कथेला ठाऊक आहे.

डॉ. पॉल ब्रँड यांना हा भेद वेल्लोरच्या रुग्णालयात एका कठोर रीतीने शिकावा लागला. १९१४ साली तमिळ प्रदेशातील कोल्ली टेकड्यांत जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये शिकलेले ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांच्या वाकड्या, पंजासारख्या हातांकडे अस्थिशल्यविशारदांनी लक्षच दिले नव्हते. कुष्ठाने मांस सडते आणि बोटे झडतात, अशी सार्वत्रिक समजूत होती. ब्रँड यांच्या निरीक्षणातून निराळेच चित्र पुढे आले. मज्जातंतू मेल्यामुळे संवेदना जाते. भाजले, कापले तरी कळत नाही. आणि जखमांवर जखमा होऊन हातपाय झिजतात. काही रुग्णांची बोटे रात्रीतून नाहीशी होत. पहारा ठेवला, तेव्हा झोपेत उंदीर ती कुरतडतात असे आढळले. मग रुग्णांना मांजरे देण्यात आली. वैद्यकाच्या इतिहासात इतका साधा आणि इतका भयानक शोध क्वचितच सापडेल. या रोगात कोपराजवळचे स्नायू पुष्कळदा शाबूत राहतात, हे पाहून ब्रँड यांनी तेथील निरोगी स्नायुबंध लुळ्या बोटांना जोडण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. मिटलेले हात उघडू लागले.

आणि मग काही रुग्ण तक्रार घेऊन परतले. त्यांचे म्हणणे असे की, हे हात भीक मागायला निरुपयोगी आहेत. वाकड्या हाताला पाहून पैसे मिळत. सरळ हाताला ते मिळेनात. आणि कुष्ठाचे डाग अंगावर असल्यामुळे त्या सरळ हाताला काम कोणी देईना. शल्यविशारदाच्या मापाने ती शस्त्रक्रिया निर्दोष होती. रुग्णाच्या मापाने तिने त्याचे पोट काढून घेतले होते. ब्रँड यांचे मोठेपण असे की, या तक्रारीला त्यांनी कृतघ्नता मानले नाही. आपली शस्त्रक्रिया अपुरी राहिली, असा तिचा अर्थ त्यांनी लावला. १९५१ च्या सुमारास वेल्लोरला एक छोटी वसाहत उभी राहिली. तेथे शस्त्रक्रिया झालेल्या तरुणांना सुतारकामासारखे कसब शिकवले जाई, आणि संवेदना नसलेला हात हत्यारावर न दुखावता कसा वापरावा, तेही शिकवले जाई. त्याच काळात, १९४९ साली, वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवनाची उभारणी सुरू केली होती. तेथेही श्रमाला दयेच्या वरचे स्थान होते. दोन ठिकाणचे मार्ग निराळे होते; जाणीव एकच होती. हात सरळ होणे आणि हाताला काम मिळणे यांत जे अंतर आहे, ते ओलांडल्याखेरीज उपचार पुरा होत नाही.

६

जयपूर पायाची कथा याच सत्याची दुसरी बाजू दाखवते. सवाई मानसिंह रुग्णालयातील डॉ. प्रमोद करण सेठी (१९२७–२००८) यांच्या ध्यानात आले की, पाश्चात्त्य धर्तीचे महागडे कृत्रिम पाय दिलेले रुग्ण काही काळाने पुन्हा कुबड्यांवर दिसतात. पाय मोडला नव्हता. तो बाजूला ठेवला गेला होता. तो पाय बुटात घालण्यासाठी घडलेला होता आणि खुर्चीवर बसणाऱ्या समाजासाठी होता. राजस्थानातील शेतकऱ्याला अनवाणी चालावयाचे असते, चिखलात आणि वाळूत उतरावयाचे असते, उकिडवे बसावयाचे असते, जेवताना मांडी घालावयाची असते, देवळात जाताना पादत्राण काढावयाचे असते. या गरजांची यादी कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती.

या प्रश्नाचे उत्तर विद्यापीठातून आले नाही. रुग्णालयातील कारागीर रामचंद्र शर्मा यांचे शालेय शिक्षण अल्प होते. पण लाकूड, रबर आणि साचा यांची त्यांची समज असामान्य होती. टायरवर रबर चढवणाऱ्या दुकानातील रीत, सच्छिद्र रबर, लाकूड आणि टायरची दोरी यांच्या मेळातून १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बोटे असलेला, मातकट रंगाचा, घोट्यात सर्व बाजूंनी वाकणारा पाय तयार झाला. त्याला बुटाची गरज नव्हती. कारागिराच्या हाताला शल्यविशारदाने देहरचनेचे ज्ञान दिले. शल्यविशारदाच्या प्रश्नाला कारागिराने आकार दिला. १९७५ साली देवेंद्रराज मेहता यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो पाय विनामूल्य देण्याचा उपक्रम हाती घेतला आणि तो देशाबाहेरही पोचला. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

राइटिंग्टनचे क्रेव्हन आणि जयपूरचे रामचंद्र यांना एकत्र ठेवून पाहिले, म्हणजे जिज्ञासेच्या ऋणाची आणखी एक बाजू दिसते. शल्यविशारदाच्या परिचयातील ‘विशेष रस’ हा एकट्याचा क्वचितच असतो. त्यामागे यंत्राजवळ बसणारा कोणी असतो, रबर तापवणारा कोणी असतो, आणि आपली गैरसोय स्पष्ट शब्दांत सांगणारा रुग्ण असतो. जयपुरात वापराविना पडून राहिलेला पाय ही एका अर्थी रुग्णाने केलेली टीकाच होती. ती वाचणारा वैद्य भेटला, म्हणून तिचे संशोधन झाले.

७

रसाची जागा हित घेते, तेव्हा काय होते, याचा पुरावाही फार जुना नाही. ज्याचे उत्पन्न पाय कापण्यावर अवलंबून आहे, त्यालाच तो कापावा की नाही हे ठरवू देणाऱ्या समाजाची बर्नार्ड शॉ यांनी ‘द डॉक्टर्स डायलेमा’ या नाटकाच्या प्रस्तावनेत थट्टा केली होती. शॉ यांना शुल्क घेणारा एकटा वैद्य दिसत होता. त्याच्या आणि रुग्णाच्या मध्ये उभी असलेली वस्तू, आणि ती विकणारा उद्योग, हा पुढच्या काळाचा भाग. भारत सरकारला २०१७ साली गुडघारोपणाच्या साधनांच्या किमतींवर कमाल मर्यादा घालावी लागली, यावरून या मधल्या वस्तूचे वजन कळते.

त्याहून गंभीर प्रकरण खुब्याचे होते. एका बहुराष्ट्रीय उद्योगाने धातूवर धातू फिरणारा एक नवा खुबा बाजारात आणला. झीज कमी, आयुष्य अधिक, तरुण रुग्णांना सोयीचा, अशी त्याची ख्याती होती. धातूचे सूक्ष्म कण भोवतालच्या मांसात आणि रक्तात उतरू लागले आणि पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागण्याचे प्रमाण चढत गेले. ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय नोंदवहीने धोक्याची सूचना २००७ साली दिली होती. जगभरातून तो खुबा परत घेण्याचा निर्णय २०१० साली झाला. तोवर सुमारे त्र्याण्णव हजार माणसांच्या देहात तो बसला होता. भारतात अशा शस्त्रक्रियांची संख्या सुमारे ४,७०० होती. आणि सरकारी समितीने पुढे चौकशी केली तेव्हा त्यांतील फार मोठ्या संख्येच्या रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही.

या शेवटच्या वाक्यात सारे आले. टेफ्लॉनही फसले होते आणि हा खुबाही फसला. द्रव्याच्या अपयशाची जात एकच आहे. परंतु चार्नली यांना आपले रुग्ण कोठे आहेत हे माहीत होते. दुसऱ्या प्रसंगी वस्तू देहात ठेवणारे हात, ती विकणारा उद्योग आणि ती वागवणारा मनुष्य यांच्यातील धागा बिल चुकते होताच तुटला होता. स्वीडनने गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ साली आणि खुब्यांची १९७९ साली सुरू केली. अशा नोंदवह्या वरवर पाहता संख्याशास्त्राची साधने आहेत. कॉडमन यांच्या दृष्टीने पाहिले, तर प्रत्येक रुग्णाची आठवण ठेवण्याचा तो एक सार्वजनिक करार आहे.

८

यावर एक सबळ आक्षेप घेता येईल. इतका हिशेब मांडत बसल्यास कोणताही शल्यविशारद नवे काही करू धजणार नाही. टेफ्लॉनचे अपयश आले नसते, तर पॉलिएथिलीनचे यशही आले नसते. आज वेदनेवाचून चालणारी लक्षावधी माणसे त्या तीनशे जणांच्या खांद्यावर उभी आहेत. पहिला रुग्ण कोणीतरी व्हावाच लागतो.

हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच तो ऋणाची कल्पना नाकारत नाही, पक्की करतो. पहिल्या रुग्णाला परतफेड करता येत नाही. त्याच्या दुःखाचे फळ त्याला मिळत नाही, दुसऱ्याला मिळते. उपयुक्ततेचे गणित त्या तीनशेंना लक्षावधींच्या बेरजेत विरघळवून टाकते. ऋणाची कल्पना त्यांना विरघळू देत नाही. १९६४ च्या हेलसिंकी घोषणेने वैद्यकीय संशोधनात रुग्णाच्या जाणत्या संमतीवर भर दिला, ही मोठीच प्रगती होती. परंतु संमती हे कर्ज घेताना केलेले लेखन आहे, कर्ज फिटल्याची पावती नव्हे. वेदनेने गांजलेला मनुष्य वैद्याच्या शब्दावर विसंबून सही करतो. तिच्यातील स्वातंत्र्य जितके कमी, तितके तिच्यामागचे दायित्व अधिक.

भारतीय परंपरेने मनुष्य जन्मतःच ऋणी मानला. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सर्वांच्या परिचयाची आहेत. शतपथ ब्राह्मणात माणसांप्रत असलेले चौथे ऋणही सांगितले आहे. शल्यविशारद ज्यांच्या ग्रंथांतून शिकला, त्यांचे ऋण तो अध्ययनाने आणि अध्यापनाने फेडतो. त्याच्या परिचयपत्रातील प्रबंधांची यादी ही त्या ऋषिऋणाची पावती म्हणता येईल. ज्यांच्या देहातून तो शिकला, त्यांचे चौथे ऋण मात्र त्या यादीत कोठेच दिसत नाही. ते फेडण्याचे मार्ग वरील उदाहरणांतूनच हाती येतात, आणि ते वीरश्रीचे नाहीत. अपयश मोजावे आणि उघड करावे. रुग्णाचे माप आपल्या मापाहून निराळे निघाले, तर आपले माप पुन्हा तपासावे. ज्याच्या देहात वस्तू ठेवली, त्याचा पत्ता हरवू देऊ नये. आणि पहिल्याच्या वेदनेतून जे कळले, ते दुसऱ्याच्या वेदनेआधी वापरावे. मूळ धनकोला परत न देता पुढच्याला देणे, ही या ऋणाची एकमेव शक्य परतफेड आहे.

अशी परतफेड चालू असते, तोवर ‘विशेष रस’ हे शब्द सार्थ राहतात. ती थांबली, की त्याच शब्दांत हितसंबंध शिरतो आणि जिज्ञासा हे निव्वळ व्याज, म्हणजे बहाणा, होऊन बसते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही स्थितींतील परिचयपत्र सारखेच दिसेल : तीच पदवी, तोच रकाना, तीच विषयांची नावे. फरक ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्यावर नव्या पद्धतीची शस्त्रक्रिया केली, ती माणसे आज कशी चालतात, असे त्या शल्यविशारदाला विचारावे. उत्तरातील आकडा दुय्यम आहे. ते देण्यासाठी तो आपल्या वह्या उघडतो की विषय बदलतो, एवढे पाहिले तरी पुरे.